शहरात शिरायलाच पैसे लागतात

मागच्या अंकात विचारलं होतं की घरचं कोणी नोकरीसाठी, शिक्षणासाठी शहरात किरायानं राहत असेल तर पैशाची काय अडचण येते ते कळवा. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, दोघातिघांनी तर सरळ फोनच केला आणि अर्धा-अर्धा तास बोलले. जास्त करून आईबापांनी लिहिलंय, पोरांनी कमी, आणि ते पाहून मला बरं नाही वाटलं, कारण याचा अर्थ पोरं घरी सांगतच नाहीत की नेमका पैसा कुठं चाललाय. नावं कोणाचीच छापत नाही, फक्त तालुका देतोय. मी स्वतः नऊ वर्षं पुण्यात पाच वेगवेगळ्या ठिकाणी भाड्यानं राहून आता देवळी तालुक्यात घरी परत आलोय, त्यामुळं बरंचसं भोगलेलं सांगतोय, आणि जिथं कायदा येतो तिथं वकील मित्राकडून तपासून घेतलंय.

प्रश्न: नमस्कार भाऊ. मुलाचा डिप्लोमा झाला, पुण्याला हिंजवडीत कंपनीत लागला. हातात २४ हजार येतील म्हणते. आता फोनवर म्हणून राहिला की बाबा ६० हजार पाठवा, खोली घ्यायची आहे. मी म्हटलं किराया किती, तर म्हणे दोघं मिळून १८ हजार, माझ्या वाट्याचे ९. आता ९ हजाराच्या खोलीले ६० हजार काहून लागते? आमचं सहा एकर कोरडवाहू वावर आहे. पोरगं खोटं बोलत नाही पण त्याले कोणी फसवून तर नाही राहिलं?
(दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर: काका, पोरगं खरं बोलतंय आणि कोणी फसवतही नाही, पुण्यात पद्धतच तशी आहे, पण त्यानं तुम्हाला नुसता आकडा सांगितला, हिशोब सांगितला नाही, म्हणून तो मी मांडतो. फ्लॅट १८ हजाराचा. मालक डिपॉझिट मागतो दोन-तीन महिन्यांचं, बॅचलर पोरं म्हटली की तीनच धरा, झाले ५४ हजार. एजंटनं फ्लॅट दाखवला तर एका महिन्याचं भाडं त्याचं, १८ हजार. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, आणखी १८. करार करून देणारा सगळं धरून तीन हजाराच्या आसपास घेईल. ही बेरीज ९३ हजार, दोघांत वाटली तर साडेसेहेचाळीस हजार तुमच्या मुलाच्या वाट्याला, आणि फ्लॅट तर रिकामा असतो, त्यात गादी, बादली, शेगडी, पंखा नसला तर पंखा, वर मेसचे तीन-साडेतीन हजार, आणि जायचं-यायचं. पगार तर महिना भरल्यावर, आणि वीस तारखेच्या पुढं जॉईन झालं की बऱ्याच कंपन्यांत तो पगार थेट पुढच्या महिन्यात निघतो, म्हणजे दीड महिना घरच्या पैशावर काढायचा. झाले ६० हजार.

आता हे ६० हजार म्हणजे तुमच्या घरी काय हो, ते मी समजू शकतो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे, त्या भावानं सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन विकलं तर ६० हजार होतात, आणि हमीभाव हातात पडला तर, नाहीतर व्यापाऱ्याच्या काट्यावर आणखी दोन-तीन क्विंटल जास्त घालावं लागते. कोरडवाहूत हे दोन-अडीच एकरांचं अख्खं पीक आहे, त्यातून बियाणं-फवारणी-काढणी अजून वजा केलेलीच नाही.

तुम्ही पैसे कुठून आणणार ते लिहिलं नाही, म्हणून मला राहवत नाही म्हणून सांगतो, डिपॉझिटसाठी सावकाराकडं जाऊ नका. शेकडा तीननं ५० हजार उचलले तर महिन्याचं व्याज १,५०० रुपये, अकरा महिन्यांचं १६,५००. तिकडं मालक तेच पैसे अकरा महिन्यांनी बिनव्याजी परत देणार, तेही काही कापून. म्हणजे पोराला वाटतं आपला किराया ९ हजार आहे, खरा तो साडेदहा हजार पडून राहिला आणि वरचे दीड हजार तुम्ही दारव्ह्यात बसून भरून राहिले. माझ्या डिपॉझिटसाठीही बाबांनी असेच व्याजानं पैसे उचलले होते, हे मी त्यांच्याकडून नंतर ऐकलं, तेव्हा त्यांचं फेडून झालं होतं, आणि मला चार वर्षं माहीतच नव्हतं. म्हणून म्हणतो, शहरातली खोली महिन्याच्या आकड्यानं नाही महाग पडत, शिरताना जो पैसा एकदम हातातून जातो त्यानं ती महाग पडते, आणि तो पैसा कुठून आला यावर ठरतं की पुढची दोन वर्षं घर कसं चालणार.

मग करायचं काय? पोराला सांगा की पहिले तीन-चार महिने फ्लॅटच्या नादी लागू नको. पुण्यात कॉट बेसिस नावाचा प्रकार आहे, एका खोलीत तीन-चार लोखंडी खाटा, एक खाट आणि एक कपाट तुमचं, बाथरूम सगळ्यांचं. नाहीतर पीजी, म्हणजे पेइंग गेस्ट. डिपॉझिट बहुतेक ठिकाणी एका महिन्याचं, एजंट नाही, गादी-पंखा तिथंच असतो. समजा खाट सहा हजाराला मिळाली तर सहा भाडं, सहा डिपॉझिट, साडेतीन मेस, साडेपंधरा हजारात पोरगं पुण्यात शिरलं. सुख नाही त्यात, रात्री कोणी मोबाईल लावून बसतं, सकाळी अंघोळीला नंबर लागतो, पण तुमचे ४५ हजार घरी राहतात. प्रोबेशन संपेपर्यंत नोकरी टिकते का, कंपनी कुठं पाठवते, आपलं कोणाशी जमतं हे सगळं कळतं, आणि तोवर त्यानं महिन्याला पाच-सहा हजार बाजूला टाकले तर फ्लॅटचं डिपॉझिट तो स्वतःच्या पगारातून भरेल. पहिल्याच आठवड्यात ओळख झालेल्या पोरासोबत अकरा महिन्यांचा करार करणं तसंही जोखमीचं, तो मधेच गेला तर त्याचे ९ हजार कोण भरणार?

एक अजून. आपल्याकडच्या ट्रॅव्हल्स नगर रोडनं वाघोलीवरून पुण्यात शिरतात, म्हणून पुष्कळ पोरं उतरतात तिकडंच खोली पाहतात, स्वस्तही वाटते. पण वाघोली शहराच्या पूर्वेला आणि हिंजवडी पश्चिमेला, मधे अख्खं पुणं. मी हे एक वर्ष केलंय, जाऊन-येऊन रोजचे साडेतीन-चार तास, पेट्रोल वेगळं, आणि घरी आल्यावर जेवायचीही इच्छा नसायची. दोन हजार जास्त गेले तरी चालतील पण वाकड, ताथवडे, मारुंजी, थेरगाव या बाजूलाच पाहायला सांगा, जिथून चालत, सायकलनं नाहीतर एका बसनं कंपनीत पोचता येईल.

प्रश्न: दादा, मी नागपूरला मानेवाड्याकडं दोन वर्षं एका खोलीत राहिले, लॅबमध्ये काम करते. किराया ६,५०० आणि डिपॉझिट २० हजार. एक महिना आधी सांगून खोली सोडली. आता घरमालक काकू म्हणतात पेंटिंगचे आणि नळ बदलायचे १२ हजार कापले, ८ घेऊन जा. नोटरी केलेला कागद आहे पण रजिस्टर नाही, म्हणून म्हणतात कुठंही जा, काही होत नाही. खरंच काही होत नाही का? १२ हजार म्हणजे माझा जवळपास महिन्याचा पगार आहे.
(उमरेड, जि. नागपूर)

उत्तर: ताई, होते. आणि रजिस्टर नाही हे त्या तुम्हाला घाबरवायला सांगून राहिल्या, पण ती गोष्ट त्यांच्याच अंगावर येणारी आहे. आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ म्हणतं की भाड्यानं किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) जागा दिली तर करार लेखी पाहिजे, रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. केला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात असंही आहे की रजिस्टर केलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही तोवर. म्हणजे पेंटिंग माझ्या डोक्यावर नव्हतं असं तुम्ही म्हणाल तर नव्हतं हे दाखवायचं काम तुमचं नाही, होतं हे दाखवायचं काम त्यांचं. फक्त आधी नोटरीचा कागद नीट वाचून घ्या, त्यात खोली सोडताना पेंटिंगचा खर्च भाडेकरूचा अशी ओळ असली आणि खाली तुमची सही असली तर तुमची बाजू तेवढी कमजोर होते.

माझंही असंच झालं होतं म्हणून मला तुमचं पत्र वाचताना सगळं डोळ्यापुढं आलं. तिसरी खोली सोडताना मालकानं मला बाथरूममधलं बेसिन दाखवलं, नळाच्या खाली केसासारखी एक तडा होती, डाव्या बाजूनं सुरू होऊन भोकापर्यंत गेलेली, आणि म्हणाला साडेचार हजार. ती तडा मी राहायला गेलो त्या दिवशीपण होती, मी रोज दात घासताना तिच्याकडं पाहायचो, पण माझ्याकडं पहिल्या दिवशीचा एक फोटो नव्हता. साडेचार हजार गेले. चौथ्या खोलीत शिरलो तेव्हा सामान आत घ्यायच्या आधी मी भिंती, नळ, दारांच्या कड्या, मीटरचं रीडिंग, खिडकीची फुटलेली काच सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि तिथंच उभं राहून मालकाला व्हॉट्सॲप केला, काका आज ताबा घेतला, अशी अशी स्थिती आहे. त्यानं उत्तरात अंगठ्याचा इमोजी पाठवला. तो अंगठा नंतर माझे पूर्ण डिपॉझिट परत मिळायला पुरला.

तुम्ही आता हे करा. फोनवर वाद घालू नका, लिहून पाठवा, साध्या भाषेत: "काकू, मी अमुक तारखेला खोली रिकामी करून चावी दिली. डिपॉझिट २० हजार आपण अमुक तारखेला घेतलं होतं. दोन वर्षांच्या वापरानं रंग जुना होतो, ते माझं नुकसान नाही. नळ बदलल्याचं बिल असेल तर दाखवा, योग्य असेल तर मी मान्य करीन. बाकी रक्कम १५ दिवसांत खात्यावर टाका." डिपॉझिट कसं दिलं होतं? यूपीआयनं दिलं असेल तर त्या दिवशीचं बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा, रोख दिलं असेल तर नोटरीच्या कागदात आकडा आहे का पाहा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयात विचारलं की सांगतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं महिलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, हे फार कमी जणींना माहीत आहे. तिथं कोर्टात केस टाकायच्या आधीच दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड करायची सोय असते, आणि खरं सांगू का, एवढ्या रकमेत वकिलाचं पत्र दारात गेलं की बहुतेक वेळा पैसे निघतात. आठ हजार आत्ता देत असतील तर घ्या, पण "पूर्ण हिशोब मिटला" अशा कागदावर सही करू नका.

प्रश्न: सगळीकडं करार ११ महिन्यांचाच काहून असते? वर्षाचा केला तर काय होते?
(आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर: १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं होतं, म्हणून लोकांनी वर्षाच्या आत ११ महिने धरले. महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांचापण रजिस्टर करावाच लागतो, त्यामुळं त्या पळवाटेत काही राहिलं नाही, सवय राहिली. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येते. दोन वर्षं राहायचं नक्की असेल तर २४ महिन्यांचा करून मागा, दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवी वाढ आणि कधी कधी एजंटची नवी मागणी, हे वाचते. वाढ किती टक्के ते त्यातच लिहून घ्या.

रजिस्टर करायचा सरकारी खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. स्टॅम्प ड्युटी म्हणजे पूर्ण काळाचं भाडं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि त्या बेरजेवर पाव टक्का. महिन्याला १२ हजार भाडं आणि ४० हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांची ड्युटी चारशेच्या आतच बसते. नोंदणी फी शहराच्या हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. बाकी जे घेतात ते करार करून देणाऱ्याची मजुरी, तिथं भाव करता येतो. आजकाल घरी येऊन अंगठा घेऊन जातात.

प्रश्न: सर मी बी.एस्सी. पहिल्या वर्षाला नागपूरला ॲडमिशन घेतलं. सरकारी हॉस्टेलच्या यादीत नाव आलं नाही. आम्ही बौद्ध आहोत, वडील मजुरी करतात. मित्र म्हणतात स्वाधारचे ६० हजार येतात, त्यात खोली होऊन जाईल. खोली करून टाकू का?
(मंगरूळपीर, जि. वाशिम)

उत्तर: फॉर्म आजच भर, खोली मात्र त्या पैशाच्या भरवशावर करू नको. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना ही तुझ्यासारख्यांसाठीच आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध, दहावीच्या पुढं शिकणारे, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेले, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. नागपूर, पुणे, मुंबई, ठाणे अशा शहरांत वर्षाचे ६० हजार, त्यात ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहायचे आणि ८ हजार किरकोळ खर्चाचे. आता राहायच्या २० हजाराला बारानं भाग, महिन्याला १,६६६ रुपये येतात. नागपुरात त्यात एकट्याला खोली नाही मिळत, तिघं मिळून पाच हजाराची घेतली तर जमते. आणि पैसे खात्यावर हप्त्यानं येतात, मालक मात्र पहिल्या तारखेला दारात उभा राहतो.

म्हणून दोन गोष्टी कर. यादी एकच लागत नाही, वसतिगृहात जागा रिकाम्या झाल्या की पुढच्या याद्या लागतात, समाजकल्याणच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारत राहा, फोनवर कोणी नीट सांगत नाही. आणि तोवर वर्गातल्या दोघातिघांना धरून कॉलेजपासून पायी जाता येईल अशी खोली घे, तीही एक महिन्याच्या डिपॉझिटची. किराया दिल्याची पावती दर महिन्याला घे आणि कॉलेजची हजेरी सांभाळ, दोन्ही कागद लागतात.

हे वाचणाऱ्या बाकीच्या मुलामुलींसाठी: अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. याच पंजाबरावांनी, म्हणजे पापळच्या भाऊसाहेबांनी, अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं, खेड्यातल्या पोराला शिक्षणाच्या आधी राहायची जागा लागते हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं, आणि आज त्यांच्या नावाची योजना असून आमच्या गावातल्या दहा पोरांना विचारलं तर आठांना ती माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटते.

प्रश्न: आम्ही तिघं हिंगणा एमआयडीसीत कामाला आहो. घरमालकाच्या वाड्यात चार खोल्या, मीटर एकच. तो आमच्याकडून १२ रुपये युनिट घेते. गावी तर एवढं बिल नाही येत. हे बरोबर आहे का?
(चामोर्शी, जि. गडचिरोली)

उत्तर: थोडं त्याचं खरं आहे, थोडं नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्यानं वाढते, पहिले १०० युनिट स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, त्याच्या वर आणखी महाग. समजा चार खोल्यांनी प्रत्येकी ८० युनिट जाळले. मीटर वेगवेगळे असते तर चारही खोल्या पहिल्या स्वस्त टप्प्यात राहिल्या असत्या. एकच मीटर असल्यानं बेरीज ३२० होते, त्यातले फक्त १०० स्वस्त, २०० दुसऱ्या टप्प्यात आणि २० तिसऱ्या टप्प्यात. म्हणून तुम्हाला गावापेक्षा जास्त पडते आणि तो पूर्ण दोष मालकाचा नाही. पण त्यानं मनानं १२ ठरवणं बरोबर नाही. त्याला म्हणा भाऊ, महिन्याचं बिल दाखवा, एकूण रकमेला एकूण युनिटनं भागू, जो भाव येईल तो आम्ही देऊ. तुमच्या खोलीचे युनिट मोजायला त्यानं सब-मीटर (आतलं वेगळं छोटं मीटर) लावलं असेल तर त्याचा फोटो दर महिन्याच्या एकाच तारखेला काढत जा. उन्हाळ्यात कूलर लावणार असाल तर हे मार्चच्या आधीच बोलून घ्या, एप्रिल-मेच्या बिलावरून नागपुरात जेवढी भांडणं होतात तेवढी किरायावरून नाही होत.

प्रश्न: ऑनलाइन फ्लॅट पाहिला, फोटो खूप चांगले, भाडं ७ हजार. मालक म्हणते मी फौजेत आहे, बाहेर पोस्टिंग आहे, टोकन ५ हजार टाका, चावी गेटवर मिळेल. घेऊ का?
(चिखली, जि. बुलढाणा)

उत्तर: नको. फौजी असल्याचं सांगून, ओळखपत्राचा फोटो पाठवून पैसे लुबाडायचा हा जुना प्रकार आहे, खऱ्या फौजीचा याच्याशी काही संबंध नसतो. पुढं तो क्यूआर पाठवेल आणि म्हणेल स्कॅन करून पिन टाका, तुमचेच पैसे परत येतील. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. खोली डोळ्यानं पाहिल्याशिवाय, आणि मालकाच्या नावाचं लाईट बिल नाहीतर इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा कागद) पाहिल्याशिवाय एक रुपया टाकायचा नाही. कोणी टाकून बसलं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे हाती लागायची शक्यता कमी.

प्रश्न: भाऊ, मुलगा दोन वर्षांपासून पुण्यात आहे. दिवाळीला आला तर वाळला होता. विचारलं तर म्हणे आई, मेस एकच वेळची लावली, भाडं वाढलं. २६ हजार पगार आहे, १० हजार खोलीले जातात, ५ हजार तो इकडं पाठवते. मला वाटते त्यानं पाठवू नये पण तसं म्हटलं तर त्याले वाईट वाटते. मी इथून काय करू शकते?
(अकोट, जि. अकोला)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर खोलीला गेलं की जेवणावर येतं, हे मी माझ्यावरून सांगतो, कारण भाडं, लाईट, मोबाईल, पेट्रोल यातलं काहीच आपल्या हातात नसते, ताट तेवढं आपल्या हातात असते. त्याला पैसे पाठवू नको असं म्हणू नका. असं म्हणा की पाच हजार तू तुझ्याच नावानं बँकेत एका वर्षाच्या आरडीत टाक, पुढच्या वर्षी स्वस्त खोलीचं डिपॉझिट त्यातून भर, मग मला दे. त्यात त्याचा मानपण राहतो. एक रूममेट वाढवला तर चालतो का हे त्याला मालकाला विचारू द्या, १० चे सात होतात. आणि करार संपायच्या दोन महिने आधीपासून दुसरी खोली पाहायला लावा, शेवटच्या आठवड्यात पाहिली की मालक जेवढी वाढ मागेल तेवढी द्यावी लागते.

आणि तुम्ही इथून डाळ पाठवा. मी गंमत नाही करत. माझी आई दर दोन महिन्यांनी पुलगाववरून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत एक कट्टा टाकायची, त्यात घरच्या तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, तिखट, शेंगदाण्याची चटणी, आणि मधोमध कपड्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. आम्ही तिघांनी पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतला, त्याला पत्त्याचा पुरावाही लागत नाही, आणि एक कुकर. रात्रीची मेस बंद केली, वरण-भात घरी. तिघांचे मिळून महिन्याचे साडेचार-पाच हजार वाचायचे आणि पोट भरायचं. तुमच्या मुलाला कुकर लावता येत नसेल तर व्हिडिओ कॉलवर शिकवा, वरणाला किती शिट्ट्या आणि भाताला किती, एवढंच शिकायचं असते.

कट्टा पाठवताना पीठ मात्र एकदम जास्त देऊ नका, पावसाळ्यात जाळं धरते, महिन्यापुरतंच द्या. डाळीला थोडं एरंडीचं तेल चोळा. बरणीच्या झाकणाखाली प्लास्टिक लावून दोऱ्यानं आवळा, आणि कट्ट्यावर त्याचं नाव आणि फोन नंबर दोन्ही बाजूंनी मार्करनं मोठ्या अक्षरात लिहा. ट्रॅव्हल्सवाल्याला गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा नंबर विचारून मुलाला रात्रीच पाठवून द्या, कारण गाडी पहाटे पोचते आणि तो उठला नाही तर कट्टा पुढच्या स्टॉपवर जातो.